रिपीटर बॅचची चौकशी आतापासून?

प्रश्न : मुलगी बारावीत, पीसीएमबी. चाचणीत गणितात ९२, जीवशास्त्रात ६१. नीटसाठी गणित सोड म्हणतोय, तर ही रात्री लॅपटॉपवर बारीक रक्तवाहिन्यांत लाल पेशी कशा वाटल्या जातात त्याचं मॉडेल करत बसते. लॅपटॉप कपाटात ठेवलाय. रक्तावरच काम करायचं तर आधी एमबीबीएस हवंच ना? नीट हुकली तर रिपीटर बॅच कोणती लावावी?
– एक पालक, लातूर

उत्तर : पहिली नीट अजून व्हायचीय आणि तुम्ही रिपीटर बॅच शोधताय! हे मुलीच्या कानावर गेलंच असेल. आपल्याला जमणार नाही हे घरानं धरूनच ठेवलंय, एवढंच तिला त्यातून कळणार. त्या ६१ची मला काळजी नाही, कपाटातल्या लॅपटॉपची आहे. कुणी न सांगता पोरगी रात्र जागवून समीकरणं सोडवते आणि तुम्ही त्याला कुलूप लावता. मुलीला काय हवंय, यावर पत्रात एक ओळ नाही.

एमबीबीएस हवंच, असं मुळीच नाही. या कामाला गणित लागतं, आणि नेमकं तेच तुम्ही सोडायला सांगताय. बारीक वाहिनीला दोन फाटे फुटले की लाल पेशी प्रवाहाच्या प्रमाणात वाटल्या जात नाहीत. पेशी मधोमध धावतात, भिंतीलगत बहुतेक प्लाझ्माच, म्हणजे रक्तातला पातळ द्रवच असतो. त्यामुळे जोराचा फाटा हिश्श्याहून जास्त पेशी ओढून नेतो, संथ फाट्याला पातळ रक्त मिळतं. पेशी वाढल्या की रक्त घट्ट होतं, प्रवाह बदलतो, की वाटणी पुन्हा बदलते. म्हणून शेकडो वाहिन्यांच्या जाळ्याचं गणित आकडे स्थिरावेपर्यंत पुन्हापुन्हा करावं लागतं. १९९०च्या सुमारास उंदरांच्या आतड्याच्या पडद्यातली अशी जाळी मोजून संगणकावरच्या मॉडेलशी ताडून पाहणाऱ्यांत ॲक्सेल प्रीस डॉक्टर होते, तर टिमोथी सीकोम गणितज्ञ.

मार्ग ओळखीचेच आहेत : आयसर पुणे या विज्ञान संशोधन-शिक्षण संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, इंजिनिअरिंगसाठी जेईई. गणित ठेवूनही नीट देता येते. मात्र संशोधनात बहुधा पीएचडी करावीच लागते, चांगला पगार उशिरा सुरू होतो. तिलाही हे स्पष्ट सांगा.

बॅचचं नाव मी सुचवणार नाही. लॅपटॉप आज परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि मॉडेल कुठे अडलंय तेही त्यात येऊ द्या.