जपानी मेंदूज्वराचा विषाणू मेंदूच्या पेशींचं नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलंय, डास चावतो हाताला, मग विषाणू मेंदूत जातो कसा? आणि ताप उतरल्यावरही पोरगं पहिल्यासारखं का होत नाही?

मी बेळगावात एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. घर येळ्ळूरला, बासमतीच्या शिवाराला लागून, त्यामुळे भाताच्या पाण्यातल्या डासांची ओळख जुनी आहे. हा आजार पसरवतो तो क्युलेक्स, तिन्हीसांजेनंतर चावणारा. डेंग्यूचा वेगळा, तो दिवसा चावतो. (खानापूरकडे 'माकडताप' म्हणून जे बोलतात तो याच्याच भाऊबंदांतला, पण गोचिडीतून येतो. दोन्हींची गल्लत करू नका.) विषाणूचं बिऱ्हाड बगळ्यांत आणि डुकरांत. माणसाच्या रक्तात तो इतका थोडा असतो की पुढच्या डासाला तो मिळत नाही, म्हणून रोग्याजवळ बसायला घाबरू नये.

चावल्यावर तो आधी कातडीतल्या पेशींत आणि जवळच्या लसिका गाठींत वाढतो, मग रक्तात उतरतो. बहुतेकांचं तिथेच निभावतं. साधारण २५० जणांना लागण झाली तर एखाद्यालाच मोठं दुखणं येतं. त्या एकाच्या बाबतीत मात्र विषाणू मेंदूच्या केशवाहिन्यांची भिंत ओलांडतो. ही भिंत एरवी भलतीच कडक. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की विषाणू आधी आत पोहोचतो, तिथे दाह सुरू होतो आणि मग त्या दाहानेच भिंत सैल पडते.

आत गेल्यावर त्याचं लक्ष चेतापेशींवर. पेशी त्याला स्वतःच पोटात घेते. ज्या पिशवीत घेते ती आंबट होत जाते आणि त्या आंबटपणानेच विषाणूचं कवच पिशवीच्या पडद्याला चिकटून उघडतं. बाहेर पडतो आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराचा, एकच धागा, सुमारे ११ हजार अक्षरांचा. पेशीची यंत्रणा तो आपलाच हुकूम समजून वाचते आणि एक लांबलचक प्रथिन बनवते. त्याचे तुकडे होऊन विषाणूची दहा प्रथिनं तयार होतात. प्रथिनं घडवण्याची पेशीची जागा या मालाने तुंबते, प्रथिनांच्या घड्या चुकायला लागतात, आणि शेवटी पेशी स्वतःच मरणाचं बटण दाबते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या खवळतात, दाह पेटवणारी रसायनं आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि शेजारच्या धडधाकट चेतापेशीही त्यात जातात. कोल्हा शिरला म्हणून उसाचा फडच पेटवून द्यावा, तसं. माझ्या मते या दुखण्यातलं सगळ्यात वाईट हेच.

आमच्या गल्लीतला एक मुलगा यातून वाचला. ताप जाऊन महिना झाला तरी चेहरा लाकडी, पापणी क्वचित लवायची, ताट धरलं की हात थरथरायचा. त्याची आई म्हणायची, "हसालाय का रडालाय तेच कळंना." विषाणूचा मार थॅलॅमस आणि सब्स्टान्शिया नायग्रा या खोल भागांवर जास्त बसतो, आणि हालचालीची लगाम तिथेच असते. म्हातारपणच्या कंपवातासारखं चित्र पोरात दिसतं ते त्यामुळे. गेलेल्या चेतापेशी परत उगवत नाहीत. उरलेल्या थोडंफार काम अंगावर घेतात, म्हणून व्यायाम सोडायचा नाही. तो मुलगा आता सायकल चालवतो, पण अक्षर अजून बिघडलेलंच आहे.

विषाणूला मारणारं औषध नाही. मेंदूची सूज, झटके, श्वास, एवढंच डॉक्टर सांभाळतात. मेंदूज्वर झालेल्यांत शेकडा ३० पर्यंत दगावतात. लस मात्र आहे, आणि त्यातली जेनव्हॅक ही आपल्याच कर्नाटकातल्या कोलारमध्ये १९८०च्या दशकात सापडलेल्या विषाणूपासून केलेली. तुमच्या भागात सरकारी लस देतात का, ते आशाताईंना विचारा. आणि पोराला तापात झटका आला, बरळायला लागलं किंवा हाक मारून उठेना, तर रात्र काढू नका, तसंच मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे पाठीच्या मणक्यातलं पाणी काढू म्हणाले तर घाबरून नको म्हणू नका. आमच्याकडे तपासायला येतं ते तेच पाणी.