‘तुम्ही घातलं तर आम्ही घालू’

आक्का, नमस्कार.
आम्ही पारोळा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात राहतो. मिस्टरांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मुलगी पाचवीला, तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये. सकाळी पावणेसातला व्हॅन येते, अडीचला पोर घरी येते आणि डबा तसाच परत येतो. फी, व्हॅन, पुस्तकं, ट्यूशन धरून वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार जातात. सगळं घडाघडा म्हणून दाखवते, पण ‘म्हणजे काय गं?’ विचारलं की गप्प. गल्लीच्या टोकालाच जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे, सेमी इंग्रजी. आमच्या गल्लीत यंदा सहावीत जाणारी सहा पोरं आहेत. संध्याकाळी ओट्यावर आम्हा बायकांचा रोज हाच विषय. सगळ्या म्हणतात, ‘तुम्ही घातलं तर आम्ही घालू.’ पहिलं कोणीच घालत नाही. मिस्टर म्हणतात, आता पोरीला काढलं तर लोक म्हणतील धंदा बसला. जाऊबाईंची दोन्ही मुलं इंग्लिशला. त्या परवा चारचौघींत म्हणाल्या, ‘तुनी पोर आते मराठी शाळामा?’ आणि खरं सांगू, मलाही तिथल्या वातावरणाची धास्ती वाटते, तिकडे सगळी वस्तीतली पोरं. मुलीला विचारलं तर म्हणते, मैत्रीण येणार असेल तर जाईन. मी काय करू?
— नाव छापू नका

माय, डबा तसाच परत येतो हे तू फीच्या आधी लिहिलंस. त्यावरूनच मला कळलं की तुझं मन कुठे झुकलंय. तुला परवानगी हवी आहे. पण ती मी लगेच देणार नाही, कारण तुझी शाळा मी पाहिलेली नाही आणि तूही अजून नीट पाहिलेली दिसत नाहीस. गल्लीच्या टोकाला असूनही.

आधी मिस्टरांचं बघू. त्यांची भीती खोटी नाही. आपल्याकडे दुकानदाराच्या घरातली प्रत्येक गोष्ट गाव मोजत असतं. पण दुकानाची पत बियाणं खरं निघतं का आणि कंपनीचा माल वेळेवर उतरतो का, यावर ठरते. पोरीच्या टायवर नाही. आणि त्यांना एक विचार: मे-जूनमध्ये कपाशीचं बियाणं भरायला रोख लागते, नेमका तेव्हाच फीचा पहिला हप्ता येतो ना? दरवर्षी ही ओढाताण त्यांनाच होत असणार. बोलायचं नाही म्हणून बोलत नसतील. लोकांनी विचारायच्या आधी त्यांनीच दुकानात बसून सांगावं, ‘पोरीला गावातल्या शाळेत घालतोय, व्हॅनमध्ये तिचे रोज दोन तास जातात.’ लोक बोलतील. कपाशीवर बोंडअळी आली की विषय आपोआप बदलेल.

आता वस्तीतल्या पोरांचं. हे वाक्य तू पत्राच्या शेवटी, हळूच टाकलंस. या पोरांच्या आया दिवाळीच्या आसपास तुमच्याच गावच्या शेतांत कापूस वेचतात आणि बापांची उधारी तुझ्या नवऱ्याच्या वहीत आहे. त्यांच्याशी व्यवहार चालतो, मग त्यांच्या लेकीशेजारी बाकावर बसणं का चालू नये? शिव्या शिकेल म्हणशील, तर शिव्या व्हॅनच्या मागच्या सीटवरही शिकायला मिळतात. अभ्यास न करणारी पोरं तुला दोन्हीकडे सापडतील. फरक एवढाच की एकीकडे त्यांच्या मागे ट्यूशन लावलेली असते. एक गोष्ट मात्र मला स्वच्छ दिसते. वस्तीतली बाई तक्रार घेऊन शाळेत गेली तर तिला दारात उभं राहावं लागतं, तू गेलीस तर खुर्ची मिळेल. हे वाईटच आहे. पण तुम्ही सहा घरं तिथे गेलात तर त्या खुर्चीचा उपयोग सगळ्यांच्या पोरांसाठी करा. फक्त त्यांचा उद्धार करायला आलोय अशा तोऱ्यात जाऊ नका, पोरांना ते फार लवकर कळतं.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. शाळा बघताना सगळे इमारत बघतात, रंग दिलाय का, टीव्ही लावलाय का. तू फक्त माणसं बघ. सहावी ते आठवीत विज्ञान-गणिताला, समाजशास्त्राला आणि भाषेला असे निदान तीन शिक्षक हवेत आणि ३५ पोरांमागे एक शिक्षक हवा, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे म्हणजे असतंच असं नाही. एक पद रिकामं, एक शिक्षक मतदार याद्यांच्या कामाला, आणि उरलेले एक सर दोन वर्गांना एकत्र बसवून फळ्यावर गणित लिहून देताहेत, हे चित्र आपल्या जिल्ह्यात नवीन नाही. म्हणून मुख्याध्यापकांना सरळ विचार: ‘विज्ञान-गणिताचे पदवीधर शिक्षक कोण? इथे किती वर्षं आहेत? यंदा बदलीच्या यादीत आहेत का?’ या तीन प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली तर अर्धं काम झालं. गणिताला माणूसच नसेल, तर शाळा कितीही जवळ असली तरी मी तुला घाल म्हणणार नाही.

आणि इथेच तुमच्या ओट्यावरच्या गप्पांना किंमत आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, संचमान्यता पटावर ठरते आणि पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर तर सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत असलेल्या शाळांमध्ये शिक्षकांच्या पदांवरच गदा आली. शिक्षक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या ते उगाच नाही. पोरं कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून शाळा वाईट, शाळा वाईट म्हणून पोरं आणखी कमी. उन्हाळ्यात हायस्कुलांचे शिक्षक मोटरसायकलवर गावोगाव पोरं शोधत फिरतात ते याचसाठी, त्यांची नोकरी पटावर टांगलेली असते. तुमच्या गल्लीतली सहा पोरं म्हणजे छोट्या शाळेच्या सहावीत एक अख्खी रांग. तू एकटीने घातलंस तर तू धाडस केलंस एवढंच म्हणतील. सहाजणी गेलात तर शाळेचा आकडा बदलतो, आणि मुख्याध्यापकही तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतात.

शाळा बघायला परिपाठाच्या वेळी जाऊ नकोस, तेव्हा सगळं शिस्तीत असतं. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला जा, ऊन चढलेलं असतं, शिक्षक दमलेले असतात. सहावीच्या एखाद्या पोरीकडे तिची गणिताची वही माग. लाल पेनाने फक्त बरोबरच्या खुणा आणि सही आहे, की चुकलेल्या पायरीपाशी काही लिहिलंय? वही मध्येच महिनाभर कोरी आहे का? मग दिवाळीनंतरचा हजेरीपट बघायला माग. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग गायब असेल, तर ती पोरं परत आल्यावर शिक्षक मागचा भाग पुन्हा घेतात का, हे विचार. ज्या शाळेत याचं उत्तर तयार असतं, तिथे शिकवणारं कोणीतरी आहे.

आणि माय, मुलींच्या संडासात स्वतः जाऊन ये. दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी येतं का, की कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवलीय? तुझी लेक सहावी ते आठवीच्या मध्येच कुठेतरी मोठी होणार आहे. पाळीच्या चार दिवसांत पोर घरी बसली की दर महिन्याला अभ्यास बुडतो, आणि हे कोणी प्रगतिपुस्तकात लिहीत नाही. कडी नसेल तर ती बसवायला शंभर रुपयांच्या आत काम होतं. ते शाळा करत नसेल तर तुमच्या सहा घरांनी करावं, पण करून घेतल्याशिवाय पोरीला पाठवू नये.

इंग्रजीची काळजी तू पत्रात केली नाहीस, पण घरात कोणीतरी नक्की करत असणार. आधी तुझ्या आत्ताच्या शाळेची मान्यता बघून घे. गेटवर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ सीबीएसईची संलग्नता आहे असा होत नाही. कित्येक ठिकाणी मान्यता राज्याचीच असते, वर पॅटर्नची फी घेतात. तसं असेल तर तू जे सोडते आहेस ते तुला वाटतं तेवढं मोठं नाही. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच असतं, तिथे तुझ्या पोरीला जड जाणार नाही. जड जाईल ते इतिहास, भूगोल आणि मराठीचं लेखन. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घे आणि चार ओळींत लिहायला लाव, दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते. घडाघडा म्हणणं आणि समजणं यातला फरक तुला दिसलाय. तिला जे कळलं नाही ते ती आता स्वतःच्या भाषेत विचारू शकेल, याचाच मला जास्त भरवसा वाटतो. नव्या शाळेतही पाठांतरच चालत असेल, तर मात्र हा फायदा विसर.

पैशांचं थोडक्यात. आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. सहावी ते आठवीच्या पोराला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं त्या जेवणाचं माप आहे. खिचडी रोज चांगलीच असेल असं नाही, पण गरम असते आणि पोरं मांडीला मांडी लावून खातात. परत येणाऱ्या डब्यावर मला तरी दुसरा उपाय दिसत नाही. शिवाय आठवीत एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. ती सरकारी, जिल्हा परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेतल्या पोरांनाच देता येते, विनाअनुदानित इंग्लिश मीडियमवाल्यांना नाही. आईबापांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि पोर निवडली गेली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ट्यूशनचे वाचतील त्यातले थोडे या परीक्षेच्या पुस्तकांवर घाल.

शाळा बघून मन खट्टू झालं तर तिसरी वाटही आहे, जवळचं अनुदानित हायस्कूल. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. पण एसटी वेळेवर येते का, हे तुलाच माहीत. नववीला तिला तसंही तिकडेच जावं लागेल, तेव्हा तीन वर्षं आधी तीच धावपळ सुरू करायची का, हा हिशोब तुझा.

आता ‘तुम्ही घातलं तर आम्ही घालू’चं काय करायचं. हे वाक्य तुम्ही सहाजणी एकमेकींना म्हणत राहिलात तर जून उजाडेल आणि सगळ्या मुकाट्याने पहिला हप्ता भरून मोकळ्या व्हाल. म्हणून ओट्यावर चर्चा बंद कर आणि वार ठरव. ‘गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर मी शाळेत जातेय, कोण येतं?’ एवढंच म्हण. सहापैकी तिघी येतील. त्या तिघी वह्या, हजेरीपट, संडास बघून आल्या की बाकीच्यांना सांगायला खरं काहीतरी असेल. पटलं तर तिघींनी मिळून एकाच दिवशी प्रवेशाचा अर्ज द्या. १ मेला निकाल लागला की जुन्या शाळेकडे दाखला मागा. दाखला लगेच द्यायला हवा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, असं कायद्यातच आहे. त्यामुळे ‘आधी पुढच्या वर्षीची फी भरा’ असं कोणी म्हणालं तर गडबडू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा सुरू झाली की व्यवस्थापन समितीच्या पालकसभेला जा. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुझं नाव पुढे आलं तर नवऱ्याचं नाव सुचवू नकोस.

मुलीने अट घातलीय, मैत्रीण येणार असेल तर. तिघींत तिची मैत्रीण आहे का, ते आधी बघ. नसेल तर सुट्टीत त्या शाळेत जाणारी वस्तीतली एखादी पोर घरी खेळायला बोलाव. आणि ‘वर्षभर बघू, नाही आवडलं तर परत’ असं तिला सांगू नकोस, नाहीतर ती वर्षभर परत जायचीच वाट बघेल. फार तर असं सांग की दिवाळीत बसून बोलू, आणि खरंच बस.

जाऊबाईंना उत्तर द्यायची घाई नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या एकत्र आल्या की त्या पुन्हा विचारतीलच. तेव्हा त्यांनाच विचार, त्यांच्या मुलांच्या शाळेत विज्ञान कोण शिकवतं, त्या सरांचं नाव काय.

— आक्का