एटीआरवरून एअरबसवर जायचंय, पण त्यासाठी साठवलेलं मोडायचं का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३४, एका रिजनल एअरलाईनमध्ये एटीआर ७२ वर (पंख्यांचं छोटं विमान) फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट, मरोळला भाड्याचा वन बीएचके, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी ३ वर्षांची. हातात महिन्याला १ लाख ६० हजारांच्या आसपास येतात, त्यातले ५०-५५ हजार फ्लाईंग अलाउन्सचे, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्सच्या) कर्जाचा हप्ता ३८ हजार, अजून ४ वर्षं आहे. पीएफमध्ये ९ लाख, म्युच्युअल फंडात ११ लाख, एसआयपी १५ हजार. आणि आता विचारतायत की हे जवळपास सगळं मोडून १८ लाखांचं एअरबस ए३२० चं टाईप रेटिंग (ते विमान उडवायचं खास ट्रेनिंग आणि परवाना) स्वतःच्या खर्चाने करू का, कारण एअरबसवरचा मित्र महिन्याला लाखभर जास्त घेतो. रिटायरमेंटचं काय, तर "६५ पर्यंत उडायचंच आहे, आणि पीएफची पेन्शन आहेच."

आधी त्या पेन्शनचं बघू. सप्टेंबर २०१४ नंतर जे पहिल्यांदाच पीएफमध्ये आले आणि तेव्हाच ज्यांचा बेसिक १५ हजारांच्या वर होता, त्यांना ईपीएस, म्हणजे पीएफमधली पेन्शन योजना, लागूच होत नाही. तुम्ही फ्लाईंग स्कूलमधून थेट एअरलाईनमध्ये आलात, तेव्हा बहुतेक तुमच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्यच असणार, एकदा उघडून बघा. आणि समजा असलीच, तरी ती १५ हजार बेसिक धरूनच मोजतात, ३३ वर्षं नोकरी करून वरची २ वर्षं बोनस मिळाली तरी हिशोब साडेसात हजारांवर येतो, मुंबईत एवढं तर काही सोसायट्यांचं मेंटेनन्स असतं. त्यामुळे पेन्शन नाहीये असं धरूनच पुढे चला. पीएफ मात्र नीट आहे, फक्त कंपनी पूर्ण बेसिकवर १२ टक्के भरते की १५ हजारांवरचे १८०० रुपये भरून मोकळी होते ते सॅलरी स्लिपवर बघा, दोन्हीत आयुष्यभराचा फरक पडतो.

आता ६५ चं. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, ६५ पर्यंत उडू देतं, बरोबर आहे, पण ते क्लास वन मेडिकल (पायलटची ठरावीक मुदतीने होणारी तपासणी) पास होत राहिलं तर. तुमच्या बरोबरीचा आयटीवाला शुगर आली म्हणून नोकरीवरून जात नाही, गोळी घेऊन लॅपटॉप उघडतो. तुम्ही आधी टेम्पररी अनफिट, मग तपासण्या, मग मेडिकल बोर्ड, आणि ते महिने फ्लाईंग अलाउन्स शून्य. म्हणून पायलटचा प्लॅन मी ५५ ला संपवतो, पुढची १० वर्षं मिळाली तर आनंदच आहे पण त्यावर हप्ते बांधायचे नाहीत.

आकडे घ्या. आज भाडं-कर्ज सोडून तुमचा खर्च ६५ हजार सांगितलात, म्हातारपणचं औषधपाणी धरून ८० हजार करू. महागाई ६ टक्क्यांनी वाढली तर २१ वर्षांनी तेच ८० हजार महिना पावणेतीन लाखांच्या घरात जातात. वर्षाचे झाले ३२-३३ लाख, आणि ५५ ला थांबून ३० वर्षं काढायची तर ढोबळमानाने १० कोटी लागतात. घाबरू नका, हे २१ वर्षांनंतरचे १० कोटी आहेत. आजचे २० लाख हात न लावता ठेवले आणि सरासरी १० टक्के मिळाले तर एकट्या त्यांचेच दीड कोटीच्या जवळपास होतात. वर महिना ५० हजार, दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवत नेलेत तर अजून साडेसात कोटी. म्हणजे टप्प्यात आहे. पण आज तुम्ही टाकताय १५ हजार, आणि असलेले २० पण काढायला निघालायत!

तरीही टाईप रेटिंगचा विचार मूर्खपणाचा अजिबात नाहीये, हेही सांगतो. लाखभर जास्त म्हणजे ३० टक्क्यांचा टॅक्स आणि त्यावरचा सेस जाऊन ६८-६९ हजार हातात, १८ लाख सव्वादोन वर्षांत वसूल. एवढ्या लवकर पैसे परत देणारी गोष्ट मी सहसा नाकारत नाही. अडचण ही आहे की तो लाख रेटिंगने मिळत नाही, नोकरीने मिळतो. ऑफर लेटर आहे का? तुमच्या मेसेजमध्ये कुठेच दिसलं नाही. ए३२० चं रेटिंग हातात घेऊन घरी बसलेली पोरं अंधेरी-मरोळमध्येच शोधलीत तर सापडतील, आणि रेटिंग चालू ठेवायला सिम्युलेटरचे चेक परत खिशातूनच.

दुसरं, तुम्ही म्हणताय की दीड वर्षात कमांड (कॅप्टनपद) येईल, त्याला लागणारं एटीपीएल लायसन्स झालेलंच आहे. मग आत्ता फर्स्ट ऑफिसर म्हणून उडी मारलीत तर तिकडे सिनियॉरिटीत सगळ्यात खाली. त्यापेक्षा एटीआरवर कमांड घ्या, पीआयसीचे (कॅप्टन म्हणून उडवलेले) तास लॉगबुकात येऊ द्या, मग बाजारात तुमची किंमत वेगळी असते आणि बऱ्याचदा एअरलाईनच बाँडवर, म्हणजे ठरावीक वर्षं न सोडण्याच्या करारावर, रेटिंग करून देते. बाँडला लोक उगाच घाबरतात, किती वर्षं, सोडलं तर किती रक्कम आणि ती दरवर्षी कमी होते का एवढं वाचून सही करा, स्वतःचे १८ लाख घालण्यापेक्षा स्वस्तच पडतं. फक्त एक लक्षात असू द्या, डीजीसीएच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरची नोटीस ६ महिने आणि कमांडरची १ वर्ष, त्यामुळे कमांडनंतर निघायचं तर वर्षभर आधी हलायला लागतं.

मग "इथेच राहा" असं म्हणतोय का? नाही, तेही जपूनच. उडान या छोट्या शहरांच्या विमानसेवा योजनेतल्या रूटला सरकारचा व्हायेबिलिटी गॅपचा (तोटा भरून काढायचा) पैसा ३ वर्षंच मिळतो, नंतर रूट स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला, नाहीतर तास कमी आणि तुमचे ते ५०-५५ हजार कमी. शिवाय किंगफिशर २०१२ ला, जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला बंद पडली, तिघांच्याही लोकांना पार्ला-अंधेरीत भेटलोय मी. जेटचे तर बंद व्हायच्या आधीच काही महिने पायलटांचे पगार थकले होते, आणि ईएमआय कुणासाठी थांबत नाही. म्हणून घर फक्त फिक्स पगारावर चालवा, फ्लाईंग अलाउन्स खर्चाच्या खात्यात येऊच देऊ नका, आला की सरळ गुंतवणुकीत. बायकोचा पगार धरला तर तुमच्या आकड्यांत हे बसतंय. आणि ११ लाखांतले ५-६ लाख लिक्विड फंडात किंवा एफडीत वेगळे काढा, सगळे इक्विटीत ठेवून पायलटने झोपू नये. दीड कोटीचा हिशोब यामुळे थोडा खाली येईल, चालेल.

लॉस ऑफ लायसन्सचं कव्हर (मेडिकलमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा विमा) कंपनीचं असेल, पॉलिसीची कॉपी मागवा. टेम्पररी अनफिट असताना काही देतात का, मानसिक आजार वगळलाय का, वयाबरोबर रक्कम कमी होते का, हे तीन मुद्दे बारीक अक्षरात असतात. नोकरी गेली की ते कव्हर पण जातं, कंपनीचं मेडिक्लेम पण, त्यामुळे फॅमिलीचं मेडिक्लेम आणि दीड-दोन कोटीचं टर्म स्वतःचं घ्या, फॉर्मवर व्यवसाय पायलट असाच लिहून, लपवून नाही.

टॅक्सचं एकच, बाकी सीए बघेल. तुम्ही न्यू रेजीममध्ये आहात म्हणजे ८०सी नाही, पण कंपनीने तिच्याकडून एनपीएस या पेन्शन योजनेत बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलं तर ते न्यू रेजीममध्येही वजा होतं. एचआरला मेल टाका, बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत.

तर आत्ता एसआयपी १५ ची ३० करा, कमांड आली की ५० च्या वर न्या, ४ वर्षांनी कर्ज फिटलं की तो ३८ हजारांचा हप्ता पण त्यातच वळवा. ऑफर लेटर हातात आलं आणि तरीही रेटिंगचे पैसे तुम्हीच भरायचे असले, तर मला परत विचारा, तेव्हा कदाचित मीच हो म्हणेन, पण तेही अर्धे पैसे कर्जाने आणि पीएफला हात न लावता. नोकरी बदलताना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, ५ वर्षांच्या आत काढलात तर वर टॅक्स लागतो.

आणि मामांनी गळ्यात मारलेली ती ६० हजार प्रीमियमची एन्डोमेंट पॉलिसी, तिचे कागद पाठवा. सरेंडर (मोडायची) की पेड-अप (हप्ते थांबवून तशीच ठेवायची) ते आकडे बघून सांगतो, मामांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.