आजकालच्या मुलांना थांबायला का जमत नाही? सगळं आत्ताच्या आत्ता का हवं असतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा पाच वर्षांचा मुलगा कुठल्याच गोष्टीसाठी थांबत नाही. ‘जेवण झाल्यावर देते’ म्हटलं तरी रडून घर डोक्यावर घेतो, त्याच्यात संयम कसा आणू, असं विचारलंय. मला दोन मुलं आहेत, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. दीड वर्षापूर्वी हाच प्रश्न मी बायकोला रोज रात्री विचारायचो. त्याचं उत्तर मला मुलीकडून मिळालं, आणि तेही ती माझ्याशी बोलत नसताना.

आम्ही डोंबिवलीत राहतो. सकाळी ७ च्या आसपास मी घराबाहेर पडतो आणि परत यायला रात्रीचे साडेआठ होतात. दारात चप्पल काढतोय तोच दोघं अंगावर येतात. हे हवं, ते हवं, इकडे ने, तिकडे ने. दमलेल्या माणसाला त्या क्षणी एकच गोष्ट फुकट देता येते, ती म्हणजे शब्द. ‘रविवारी नेतो.’ रडणं थांबतं, मी हातपाय धुवायला जातो.

त्या वर्षी गणपतीनंतर मुलीला राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते. मी रविवारी नेतो म्हणालो. त्या रविवारी मेगाब्लॉक होता. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या दोन्ही रविवारी मला झोपायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मेगाब्लॉक आणि पाहुणे आले तेव्हाही मला मनातून बरंच वाटलं होतं.

मग एके संध्याकाळी मी लवकर घरी आलो. दोघं आतल्या खोलीत खेळत होती. धाकटा काहीतरी मागत होता आणि मुलगी त्याला शांतपणे समजावत होती, ‘आजी नाही म्हणाली म्हणजे नाही. आई बघू म्हणाली म्हणजे कदाचित. आणि बाबा रविवारी म्हणाला म्हणजे नाही.’

तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत शिकलेलं काही भावाला शिकवावं तसं ती सांगत होती. मी डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

त्या दिवसापासून मी घराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. जे दिसलं ते इतके महिने समोरच होतं. माझी आई आमच्याकडे राहते. तिच्याकडे मुलांनी काही मागितलं आणि ती ‘मिळणार नाही’ म्हणाली, तर मुलं दोन मिनिटं फुरंगटून खेळायला निघून जातात. मी ‘नंतर देतो’ म्हणालो तर अर्धा तास रडतात. मला वाटायचं आई कडक आहे आणि मी मऊ आहे, म्हणून असं होतं. पण आई कडक नाही, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाडावते. फरक एवढाच की तिचं ‘नाही’ खरं असतं आणि ‘देते’ही खरं असतं. ती ‘थोड्या वेळाने’ असं कधी म्हणत नाही. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की देते’ म्हणते. मग आमचा धाकटा, जो अजून ‘काल’ आणि ‘उद्या’ यांची अदलाबदल करतो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बोटांवर शिट्ट्या मोजतो. तिसऱ्या शिट्टीला त्याच्या हातात लाडू असतो. थांबणं त्याला येत होतंच. माझी ‘पाच मिनिटं’ मात्र कधी चाळीस मिनिटांची असायची, तर कधी उगवायचीच नाहीत.

याच काळात मी मुलांच्या संयमाविषयी थोडं वाचलं. तुम्हीही कदाचित त्या गोड गोळीच्या (मार्शमेलो नावाच्या मऊ मिठाईच्या) प्रयोगाबद्दल ऐकलं असेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ते प्रयोग केले. मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर आणखी मिळेल. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, असं नंतर दिसलं, आणि जगभरच्या आईबापांनी त्यातून अर्थ काढला की संयम हा मुलाचा अंगभूत गुण असतो, एखाद्यात असतो, एखाद्यात नसतो. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध जेमतेम निम्मा उरला. घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर तर तो फारच क्षीण झाला.

पण मला हलवून गेला तो २०१३ सालचा, रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. तो करणाऱ्या सेलेस्ट किड यांनी त्याआधी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. जिथे आपली वस्तू कोण कधी उचलून नेईल याचा भरवसा नाही, तिथलं मूल गोळी हातात येताच तोंडात टाकेल, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी २८ मुलं घेतली आणि गोळी देण्याआधी एक गोष्ट केली. मुलांना चित्रं काढायला जुने वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर याहून छान रंग आणते. निम्म्या मुलांना खरंच छान रंग आणून दिले. उरलेल्यांकडे त्या रिकाम्या हाताने परतल्या, ‘माफ कर, रंग नाहीयेत’ म्हणाल्या. चिकटवायच्या चित्रांच्या बाबतीतही तसंच केलं. मग गोळी समोर ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा फसवलं गेलं ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ होती, दुसऱ्या गटात फक्त एक.

प्रयोग लहान आहे, त्यावरून जगाचे नियम ठरवू नयेत. पण माझ्या घरातला प्रयोग तर वर्षभर चालू होता, आणि त्यात रिकाम्या हाताने परतणारा माणूस मी होतो.

मोठी माणसंही काही वेगळी नसतात. लग्नाच्या पंगतीत जिलेबी पुन्हा फिरणार हे माहीत असेल तर कोणी ताट पुढे करत नाही, उलट ‘नको, नको’ म्हणून ताटावर हात धरतात. पण ‘जिलेबी कमी पडणार’ अशी कुजबुज पोचू दे, मग बघा, जिलेबी न आवडणारेही चार मागून घेतात. त्यांना आपण हावरट म्हणतो. मला आता तसं म्हणवत नाही. जिथे पुन्हा मिळण्याची खात्री नाही तिथे आत्ताच घेणं हे शहाणपणच आहे, मग तो साठ वर्षांचा माणूस असो की पाच वर्षांचा मुलगा.

मी हे आईशी बोललो. तिला प्रयोगबियोग काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, तू आम्हाला कधीच ‘उद्या’ का म्हणायची नाहीस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तू पायरीवर बसला होतास ना, म्हणून.’

मी विसरलो होतो. आमचं गाव कराडजवळ आहे. वडील ट्रक चालवायचे, कोल्हापूरमार्गे बंगळूरपर्यंत. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा असते, खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, तारळी नदीचा काठ भंडाऱ्याने पिवळा होतो. एका वर्षी वडील म्हणाले होते, यंदा तुला खांद्यावर बसवून नेतो. मी सकाळीच नवा सदरा घालून पायरीवर बसलो. त्यांची गाडी वाटेत कुठेतरी अडकली. त्या काळी कळवणार कसं? आई म्हणाली, ‘दिवे लागले तरी तू उठेनास. जेवलाही नाहीस. त्या दिवशी मी ठरवलं, हातात नसलेलं पोराला बोलायचं नाही.’ वडिलांचा दोष नव्हता. माझा मात्र होता, कारण माझी गाडी कुठेच अडकली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी रजा घेतली आणि रजा मंजूर झाल्यावरच मुलांना सांगितलं, मंगळवारी राणीची बाग. (तुम्ही जाणार असाल तर बुधवारी जाऊ नका, बंद असते.) भायखळ्याला उतरलो. काचेमागे ते हंबोल्ट पेंग्विन, २०१६ साली दक्षिण कोरियाहून आणलेले. धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला, हलेचना. मुलगी मात्र जरा वेळाने माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘मी शाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं.’ का, म्हणून विचारलं. ‘आलोच नसतो तर?’

एवढ्याशा मुलीने आपला आनंद लपवून ठेवायला शिकावं, आणि ते माझ्यामुळे शिकावं, हे मला अजून सोसत नाही.

तुम्ही ‘काय करू’ विचारलंय, तर मी जे करतो ते सांगतो. दिवस ठरल्याशिवाय दिवस सांगत नाही. जमणार नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणतो आणि रडणं ऐकून घेतो, ते आता फार वेळ चालत नाही. वेळ मिनिटांत न सांगता शिट्ट्यांत सांगतो, किंवा ‘हे कपडे वाळत घालून झाले की’ असं, म्हणजे मुलाला संपताना दिसेल असं काहीतरी. मोठी गोष्ट असेल तर कालनिर्णयवर मुलीलाच गोल करायला लावतो. आणि एकदा शब्द मोडावाच लागला, तेव्हा ठाण्याहून गाडीतूनच तिला फोन केला, घरी जाऊन सांगायची वाट बघितली नाही. ‘बरं’ म्हणाली. मग थोडं थांबून, ‘मग कधी?’ हा प्रश्न तिने कित्येक महिन्यांत विचारला नव्हता. अर्थात, बदल दोन-चार दिवसांत झाला नाही. सहा-सात महिने गेले, आणि धाकटा खरोखर भुकेला असेल तर अजूनही घर डोक्यावर घेतोच.

येत्या पौषात मुलांना पालच्या यात्रेला न्यायचं मी आणि बायको बोलत होतो. मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. मुलीने ते कुठून तरी ऐकलं, आणि काल तिच्या मैत्रिणीची आई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, ‘तुम्ही खंडोबाच्या यात्रेला जाणार म्हणे! तुमच्या मुलीने सगळ्या वर्गाला सांगितलंय.’

रजा अजून मंजूर झालेली नाही. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या पहिलं काम तेच.