प्रौढांना शिकवायचे, तर पुढे काय शिकावे?

प्रश्न : समाजशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले असून आमच्या वस्तीतील बचत गटाच्या महिलांना संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवते. सुरुवातीला उत्साहाने येणाऱ्या महिला हळूहळू येईनाशा होतात. तरीही हेच काम पुढे करायचे आहे. घरचे बी.एड. कर म्हणतात, मला एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) किंवा प्रौढशिक्षणातील एम.ए. योग्य वाटते. काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे, परंतु बी.एड.चा सारा रोख शाळेतील मुलांवर असतो आणि तुमच्यासमोर बसणाऱ्या महिला संसार, कष्ट व व्यवहार यांचा दांडगा अनुभव घेऊन आलेल्या असतात. त्यांना आज शिकलेले उद्याच वापरायचे असते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिकण्याचा स्वतंत्र विचार मांडला तो याच जाणिवेतून, आणि ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी शेतमजुरांना वाचन शिकवले ते त्यांच्याच जगण्यातील शब्दांपासून. तुम्हीही बाराखडी बाजूला ठेवून बँकेतून पैसे काढण्याची स्लिप समोर ठेवून पाहा : नाव, खाते क्रमांक, आकडी व अक्षरी रक्कम आणि शेवटी सही. आजवर अंगठा उठवणाऱ्या बाईला गटाच्या नोंदवहीतील आपली बचत, कर्ज आणि व्याज स्वतः वाचता येऊ लागले, तर तिला वर्गाला या म्हणून सांगावे लागणार नाही. वेळेचाही विचार हवा. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवस त्यांच्या हाती नव्हताच. तुमच्या वर्गाची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवर तर येत नाही ना?

इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) प्रौढशिक्षणातील एम.ए. दूरस्थ पद्धतीचा असून इग्नूचे प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. येत्या सत्रात प्रवेश सुरू आहे का, हे तेथे विचारून घ्यावे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तो सोयीचा आहे. मात्र पूर्णवेळ शिकणे शक्य असेल, तर माझा कौल एम.एस.डब्ल्यू.ला आहे. शहरात मातृ सेवा संघ आणि तिरपुडे यांची समाजकार्य महाविद्यालये आहेत. या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन करायचे काम, सक्तीचे असते, त्याचे अहवाल लिहावे लागतात आणि मार्गदर्शक त्यावर चर्चा करतात. काम तुमच्याजवळ आहेच; ते पाहून चूक दाखवणारे जाणते माणूस मात्र नाही, आणि ते मिळणे मला पदवीइतकेच मोलाचे वाटते.

पोटापाण्याबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठीचा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असला, तरी त्यातील शिकवण्याचे काम प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. म्हणून केवळ साक्षरता वर्गावर घर चालेल, असे समजू नये. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा स्वयंसेवी संस्थांमध्ये बचत गटांच्या प्रशिक्षणाची व समन्वयाची कामे असतात. तेथे तुमचा आजचा अनुभव आणि एम.एस.डब्ल्यू. दोन्ही उपयोगी पडतील.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी, यायच्या थांबलेल्या महिलांच्या घरी जाऊन त्यांची कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे प्रबंधासाठी विषय शोधताना ही टिपणे हाताशी असू द्या.