क्रीम बदामाएवढं, बाकी सगळा पाण्याचा खेळ

मागच्या अंकात मी सहज एका उत्तरात लिहून गेलो की दाढीचं क्रीम आपण सगळेच गरजेपेक्षा जास्त वापरतो, तर त्यावरच एवढी पत्रं आली की यावेळी गुडघेदुखी आणि कुंडीतला कडीपत्ता दोन्ही पुढच्या अंकात ढकललेत. हा अंक दाढीचा.

प्रश्न : काका नमस्कार. मी लातूरचा, चार वर्षं पुण्यात हॉस्टेलला होतो, तिथं ब्रशवर जरासं क्रीम घेतलं की तोंडभर फेस व्हायचा. आता नोकरीमुळं परत घरी आलोय. ट्यूब त्याच कंपनीची, ब्रश तोच, पण इथं दोन दोन इंच क्रीम घ्यायलो तरी फेस व्हईना, झालाच तर गालावर वाळून जायलाय. क्रीम नकली निघालं का मीच चुकायलोय? नेमकं किती घ्यायचं ते एकदा सांगाच.

उत्तर : क्रीम नकली नाही आणि तुम्हीही फार चुकत नाही, बदललंय ते पाणी. पण आधी मापाचं सांगतो, कारण तुमच्यासकट निम्म्या लोकांनी तेच विचारलंय.

रोज दाढी करणाऱ्याला सोललेल्या शेंगदाण्याएवढं क्रीम पुरतं. दोन-तीन दिवसांचे खुंट असतील तर बदामाएवढं. बास. घरातल्या वजनकाट्यावर मी मोजून पाहिलं, बदामाएवढा गोळा साधारण एक ग्रॅम भरतो, आणि नेहमीच्या ट्यूबमधून एक इंच लांबीची वळी काढली तर तीही ग्रॅमच्या जरा आतबाहेर. म्हणजे तुम्ही दोन इंच घेता तेव्हा दोन दाढ्यांचं एकदम घेता, आणि त्यातलं बरंचसं शेवटी बेसिनमध्ये जातं.

आता फेस का होत नाही ते. ब्रशने लावायचं क्रीम म्हणजे खरं तर मऊ साबणच असतो, ट्यूबवर बारीक अक्षरात वाचा, स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असं काहीतरी दिसेल, त्या दोघांचा मिळून साबण होतो, आणि पोटॅशियमचा असल्यामुळे तो वडीसारखा कडक न राहता मलमासारखा राहतो, सोबत फेस लगेच वाळू नये म्हणून ग्लिसरीन. आणि लातूरला तुमच्या घरी बहुधा बोअरचं पाणी असणार, साबणाचं आणि बोअरच्या पाण्याचं कधी पटलेलं नाही. आपल्याकडच्या काळ्या कातळातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं, ते साबणाला धरतात आणि त्याचा न विरघळणारा साका करून टाकतात, तोच तो बादलीच्या कडेला चिकटतो आणि नखाने खरवडला तर मेणचट लागतो. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे, आठवतंय? तेव्हा पाठ केलं आणि सोडून दिलं, आता गालावर कळतंय. पुण्यात नळाला खडकवासल्याचं, म्हणजे धरणात साठलेलं पावसाचं पाणी, त्यात हे क्षार खूपच कमी.

गंमत अशी की हिशोब केला तर नुसता साबण खाऊन टाकण्याचा प्रकार तेवढा मोठा नाहीये. समजा तुमच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे ह्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 400 मिलिग्रॅम आहे (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात). दाढीच्या फेसात पाणी जातं किती, तर फार तर तीन छोटे चमचे, 15 मिली. तेवढ्यातले क्षार 40 मिलिग्रॅमच्या आसपास साबण फुकट घालवतात, आणि एक ग्रॅम क्रीममध्ये साबण असतो तीन-चारशे मिलिग्रॅम. म्हणजे दहा-बारा टक्के गेला. मग फेस एवढा का रुसतो? कारण तो जो साका तयार होतो ना, त्याचे कण फेसाचे बुडबुडेच फोडत सुटतात. साबण शिल्लक असतो पण फेस टिकत नाही. म्हणून दुप्पट क्रीम घेऊनही तुमचं समाधान होत नाही, शेंगदाण्याचा बदाम केलात तर फरक पडेल, बदामाचं लिंबू करून काही उपयोग नाही.

पण ह्याच हिशोबात उपायपण आहे बघा. पाणी लागतं तीन चमचे! घरात आरओ असेल तर एक वाटी त्याचं पाणी घ्या, ब्रश त्यात भिजवा आणि फेसही त्याच पाण्यात करा, तोंड आधी बोअरच्या पाण्याने धुतलं असलं तर वरून ह्या पाण्याचा एक हात फिरवा. आरओ नसेल तर पाणी उकळून निवू द्या आणि वरवरचं ओतून घ्या, आपल्याकडच्या भूजलातला बराचसा जडपणा उकळल्यावर खाली बसतो, बंबाच्या आत पांढरा थर धरतो तो हाच. तुरटी फिरवून उपयोग नाही हं, तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. आमच्या शेजारचे एक गृहस्थ वर्षभर तुरटीचं पाणी घेऊन दाढी करत होते आणि फेस होत नाही म्हणून दर महिन्याला कंपनी बदलत होते.

खात्री करायची असेल तर दोन रिकाम्या बाटल्या घ्या, एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं, दोन्हीत हरभऱ्याच्या डाळीएवढं क्रीम टाकून सारखंच हलवा. आरओच्या बाटलीत फेस मानेपर्यंत चढेल आणि बोअरच्या बाटलीत पाणी दुधाळ होऊन वर दोन-चार बुडबुडे. लिक्विड हँडवॉशने हे करू नका, त्यातले बरेच साबण नसतातच, ते जड पाण्यातही फेसाळतात आणि तुम्ही म्हणाल काकांनी फसवलं.

प्रश्न : पाणी पाणी म्हणता पण किती पाणी? माझा फेस एकतर चिकट पेस्टसारखा होतो नाहीतर गळून शर्टावर येतो. (नाशिक)

उत्तर : हा खरा प्रश्न. लोक ब्रश नळाखाली धरतात आणि तसाच निथळता गालावर फिरवतात, तिथेच बिघडतं.

ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा (डुकराच्या केसांचा असेल तर जरा जास्त, सिंथेटिक असेल तर नुसता भिजवला तरी चालतो), बाहेर काढून दोनदा झटका, म्हणजे ओला असावा पण थेंब गळू नयेत. तेवढ्या वेळात तोंड धुऊन ओलंच ठेवा, केसही पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात, म्हणून आंघोळीनंतरची दाढी नेहमी सोपी जाते. मग क्रीमचा बदाम ब्रशच्या मधोमध घ्या आणि गालावर गोल गोल फिरवायला लागा. पहिल्या वीस-तीस सेकंदात जे होईल ते चक्क्यासारखं घट्ट असेल, आणि घाबरून लोक इथेच अजून क्रीम पिळतात! पिळू नका. ब्रशचं नुसतं टोक पाण्यात बुडवा, परत फिरवा. परत टोक बुडवा, परत फिरवा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तुम्हाला हाताला कळेल, ब्रश ओढला जात होता तो सुळकन फिरायला लागतो, आणि फेसाला आधी जो मळकट मॅटपणा होता तो जाऊन चकाकी येते, ताज्या श्रीखंडावर असते तशी. तिथे थांबायचं. बोटांच्या चिमटीत थोडा घेऊन चोळून बघा, बुळबुळीत लागला की झालं, चिकटला तर अजून पाणी हवंय. आणि डोळ्याला बुडबुडे सुटे सुटे दिसायला लागले, भांड्याच्या साबणासारखे, तर पाणी जास्त झालं, मग मात्र कणभर क्रीम घाला.

ह्या सगळ्याला दीड-दोन मिनिटं लागतात, त्यात घाई करू नका. पांढराशुभ्र भरघोस ढीग दिसला म्हणजे चांगला फेस असंही नाही, ढिगातली हवा पात्याच्या काही कामाची नसते, कातडीला लागून जो ओला थर असतो तेवढाच पात्याला सरकवतो. अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर भरपूर झाला.

प्रश्न : मग सलूनवाला वाटाण्याएवढ्या क्रीममध्ये डोंगर कसा उभा करतो? (कल्याण)

उत्तर : वेळ देतो म्हणून! पुढच्या वेळी आरशात त्याचा हात बघा. आधी फवाऱ्याने तोंड भिजवतो, वाटाणा हनुवटीवर टेकवतो, आणि मग ब्रश चालू, मध्येच टीव्हीवरच्या मॅचकडे बघतोय, मध्येच बाहेरच्याला "पाच मिनिटं शेठ" म्हणतोय, पण हात थांबत नाही, आणि सुकतंय वाटलं की परत एक फवारा. आपण घरी वीस सेकंदात जे उरकतो ते तो तीन मिनिटं करतो. जुने न्हावी धोकटीतून साबणाची गोल वडी आणि पितळेची वाटी काढायचे, ते तर ब्रश वडीवर नुसता घासून घ्यायचे, क्रीम पिळायची भानगडच नाही. एक मात्र बघत जा, त्याने पातं तुमच्यासमोर कागदातून काढून कागदासकट मोडून अर्धं वस्तऱ्यात घातलं का. कावीळ बी आणि सी रक्तातून पसरते, त्यात संकोच कसला. ब्रशसुद्धा आपला घेऊन गेलात तर कुणी हसणार नाही. हसलं तर हसू दे.

प्रश्न : आमचे हे दर महिन्याला एक ट्यूब संपवतात. मी काही बोलले की म्हणतात तुला काय कळतं दाढीतलं. तुम्हीच सांगा एक ट्यूब किती दिवस जायला हवी? (सांगली)

उत्तर : ताई, 70 ग्रॅमची ट्यूब, एका वेळी एक ग्रॅम, म्हणजे 70 दाढ्या. रोज केली तरी दोन महिने वर दहा दिवस, दिवसाआड केली तर साडेचार महिने. हे रोज करत असतील तर एका वेळी सव्वादोन ग्रॅमच्या वर घेतायत, दिवसाआड करत असतील तर साडेचारच्या वर, तेवढ्यात चारजणांची होईल. भांडू नका, ट्यूबवर पहिल्या दिवशी पेनाने तारीख टाकून ठेवा फक्त. त्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा. आणि घरी बोअरचं पाणी आहे का बघा, तसं असेल तर बिचाऱ्यांचा सगळाच दोष नाही, वरचं लातूरचं उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : डब्यातला तयार फोम वापरत असलो तर? (ठाणे)

उत्तर : त्याचं गणित वेगळं, त्यात हवा आधीच भरलेली असते. लिंबाएवढा गोळा पुरतो. तोंड मात्र चांगलं ओलं हवं, कोरड्या गालावर फोम लावणं म्हणजे भिंतीला चुना. मला स्वतःला ब्रशच आवडतो, पण सकाळी 6.10 ची लोकल असेल तर मी तुम्हाला ब्रश घ्या म्हणणार नाही.

प्रश्न : काका मी बारावीत आहे, मला फक्त मिशी फुटतेय आणि हनुवटीवर चार केस. मी किती घेऊ? (चिपळूण)

उत्तर : हरभऱ्याच्या डाळीएवढं, ब्रश नसला तरी चालेल, ओल्या बोटांनीच फेस कर. पातं केस वाढतात त्याच दिशेने, वरून खाली, दाबायचं नाही. उलटी दाढी एवढ्यात नको. नवीन रेझर आपला आपण घे, बाबांचा नको. क्रीम बाबांचं चालेल पण विचारून घे, आम्हा बापांना ट्यूब कुठून चेपली गेलीय ते बरोब्बर कळतं.