बडोद्यात स्पायडर कासव पाळण्यासाठी अधिवास आणि आहार कसा असावा?

आपण बडोद्यातील घराच्या गच्चीवर हे कासव ठेवण्याविषयी विचारले आहे. माझ्या मते गच्ची त्यासाठी योग्य नाही. नैऋत्य मादागास्करच्या किनाऱ्यालगतच्या काटेरी, रेताड झुडपांत राहणारे, जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीचे हे कासव पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, हिंडते आणि कोरड्या, थंड महिन्यांत वाळूत पुरून घेऊन निश्चल राहते. त्यामुळे खोल, मोकळी वाळू, एका कोपऱ्यात सुमारे ३२ अंशांची ऊब, दुसरीकडे गार सावली आणि अतिनील किरणांचा दिवा या गोष्टी अत्यावश्यक आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा उघड्यावरचे कासव दगावू शकते.

आहारात गवत, जास्वंदीची व तुतीची पाने, काटे काढलेला फड्या निवडुंग आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचे अंतर्गत कवच) असावा. पालक टाळावा, फळे क्वचितच द्यावीत.

मात्र ही प्रजाती अतिसंकटग्रस्त असून साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची नोंदणी बंधनकारक असल्याने, कागदपत्रांशिवाय विकले जाणारे कासव कृपया घेऊ नये. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे जंगलातून उचललेल्या प्रत्येक कासवाची भरपाई फार कठीण असते.